अस्सल कागद, दहावीचा बाक

महाराष्ट्रात दहावीच्या इतिहासाचे पाठ्यपुस्तक 2018 मध्ये बदलले, तेव्हा एक धाडसाची गोष्ट घडली आणि तिची म्हणावी तशी चर्चा झाली नाही. हे पुस्तक कुठल्या राजघराण्याने किंवा लढाईने सुरू होत नाही, ते सुरू होते इतिहासलेखनाच्या परंपरेने. देकार्त, व्हॉल्टेअर, हेगेल, रांके, मार्क्स, सीमाँ द बोव्हा, मायकेल फुको ही नावे पंधरा वर्षांच्या मुलामुलींपुढे पहिल्याच धड्यात येतात. मग भारतीय परंपरा, उपयोजित इतिहास, प्रसारमाध्यमे, खेळ, पर्यटन, ऐतिहासिक ठेव्यांचे जतन. पूर्वी काय घडले यापेक्षा ते कशावरून ठरवायचे, हा प्रश्न पुस्तकाने मध्यभागी आणला. शालेय इतिहासाच्या दृष्टीने हे पाऊल मोठे आहे.

परीक्षा जवळ आली की त्याच धड्याचे काय होते, हे प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे. आधुनिक इतिहासलेखनाचा जनक व्हॉल्टेअर, 'आर्किऑलॉजी ऑफ नॉलेज'चा लेखक फुको, अशी उत्तरे योग्य पर्यायाच्या चौकटीत बसतात. मूळ कागदपत्रे तपासल्याखेरीज इतिहास लिहू नये, असा रांकेचा आग्रह होता, हे मूल तोंडपाठ म्हणून दाखवते. त्या मुलाने आजवर एकही मूळ कागद पाहिलेला नसतो. यात त्याचा दोष नाही आणि शिक्षकाचाही नाही. कागद दिल्लीत, लंडनमध्ये, फार तर पुण्याच्या दफ्तरखान्यात. तालुक्याच्या शाळेतून तिथवर जाणार कोण, आणि गेलेच तर नववी-दहावीच्या वर्गाला आत सोडणार कोण?

ही अडचण आता बरीचशी उरलेली नाही. डिजिटल साधनांमुळे इतिहासाच्या तासाला खरा फायदा होतो तो इथे, आणि नेमके याच ठिकाणी आपले लक्ष सर्वांत कमी आहे.

शाळांमध्ये 'डिजिटल' या शब्दाला एक ठरलेला अर्थ चिकटला आहे. 2015 मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम सुरू झाला, त्यानंतर लोकवर्गणीतून कितीतरी जिल्हा परिषद शाळांत प्रोजेक्टर आले, टॅब आले. गावाने शाळेसाठी पैसे उभे केले, ही अभिमानाचीच गोष्ट. 2017 मध्ये केंद्र सरकारचे दीक्षा हे व्यासपीठ सुरू झाले आणि बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड दिसू लागले. पण इतिहासाच्या तासाला पडद्यावर काय लागते? बहुतेक वेळा धडाच लागतो. तोच मजकूर कुणीतरी वाचून दाखवते, मागे संगीत, पुढे हलती चित्रे. मुलांना ते आवडते आणि थकलेल्या शिक्षकाला तेवढाच विसावा मिळतो, म्हणून त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. फक्त त्यातून इतिहासाची रीत शिकवली जात नाही. फळ्यावरचा निष्कर्ष पडद्यावर गेला, तरी मुलाच्या हाती पुन्हा निष्कर्षच येतो.

रीत शिकवायची तर निष्कर्षाच्या मागचा पुरावा वर्गात आणावा लागतो. तो कसा आणता येईल, हे 1896-97 च्या प्लेगच्या उदाहरणावरून पाहू. विषय महाराष्ट्राच्या अगदी जिव्हाळ्याचा, पाठ्यपुस्तकांतून वर्षानुवर्षे येणारा, आणि बहुधा रँडचा वध व चापेकर बंधू एवढ्यावरच संपणारा.

सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात मूळचे गोव्याचे डॉक्टर आकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. 4 फेब्रुवारी 1897 रोजी सरकारने साथरोग कायदा मंजूर केला. हा कायदा भारत सरकारच्या इंडिया कोड या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतो. मुळात त्याला चारच कलमे होती. कायद्याचे नाव, सरकारला विशेष उपाय योजण्याचा अधिकार, हुकूम मोडणाऱ्याला शिक्षा आणि या कायद्याखाली सद्भावनेने काम करणाऱ्याला संरक्षण. सारा कायदा एका तासिकेत वाचून होतो. इंग्रजी अवघड वाटले तर शिक्षकाने मराठीत सांगावे, पण मूळ मजकूर डोळ्यांसमोर असू द्यावा. मग मुलांना विचारावे की सरकारला काय काय करता येईल, याची यादी या कायद्यात कुठे आहे? मुले शोधतात, तेव्हा प्रवाशांची तपासणी आणि संशयितांचे विलगीकरण अशी एक-दोन उदाहरणे सापडतात, पूर्ण यादी सापडत नाही. बाकी काय करायचे ते सरकारने ठरवावे, असेच तिथे म्हटले आहे. इतक्या थोड्या शब्दांत इतका अधिकार! पुण्यात घराघरांत शिरून झालेल्या झडत्यांबद्दल एवढा संताप का उसळला, हे समजायला धड्यातल्या चार ओळींपेक्षा ही चार कलमे जास्त उपयोगी पडतात. आजच्या मुलांसाठी त्यात आणखी एक धागा आहे. मार्च 2020 मध्ये करोनाच्या वेळी महाराष्ट्रात हाच कायदा लागू झाला होता. तेव्हा ही मुले लहान होती, पण बंद शाळा त्यांना आठवते.

दुसरे साधन छायाचित्रांचे. लंडनच्या वेलकम कलेक्शनने मुंबईच्या प्लेगची छायाचित्रे मोठ्या संख्येने खुली केली आहेत. त्यातली बरीचशी ग्लॉस्टरशायर रेजिमेंटच्या कॅप्टन मॉस यांनी टिपलेली आहेत. घरतपासणीला निघालेली पथके, तात्पुरती रुग्णालये, विलगीकरणाच्या छावण्या हे सगळे त्यांत दिसते. पहिल्या नजरेला मुले म्हणतात, केवढी शिस्त, केवढी स्वच्छता. इथे शिक्षकाने थांबावे. कॅमेरा कुणाच्या हातात आहे? लष्करी अधिकाऱ्याच्या. समोर उभे असलेले लोक कुणाच्या सांगण्यावरून उभे आहेत? हे संग्रह कुणी पाहावेत म्हणून तयार झाले असतील? छायाचित्र खोटे नसते, पण ते कुणीतरी कुठूनतरी काढलेले असते, हे एकदा मुलांच्या लक्षात आले की पुढे वर्तमानपत्रातला फोटोही ती वेगळ्या नजरेने पाहतात.

तिसरे साधन आकड्यांचे. 1891 च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या 8,21,764 होती, 1901 मध्ये ती 7,76,006 झाली. वजाबाकी केली की 45,758 येतात आणि वर्गातले कुणीतरी लगेच म्हणते, म्हणजे एवढे लोक प्लेगने गेले. असे म्हणता येईल का? दहा वर्षांत जन्मही झाले, कोकणातून आणि घाटावरून गिरणीत कामाला माणसे आली, आणि साथीच्या भीतीने शहर सोडून गावी गेलेलेही पुष्कळ होते. 1901 ची गणना झाली तेव्हा साथ ओसरलेली नव्हती. 1906 मध्ये महापालिकेने पुन्हा शिरगणती केली, तेव्हा आकडा 9,77,822 निघाला. हे तीन आकडे शेजारी शेजारी लिहिले की मुले आपण होऊन प्रश्न विचारू लागतात. एकाच आकड्यावरून निष्कर्ष काढण्याचा मोह सुटण्यासाठी याहून चांगला व्यायाम शोधून सापडणार नाही. गणिताच्या शिक्षकांनाही या तासाला बोलवावे.

आणि चौथे साधन अहवालांचे. मुंबई प्लेग समितीचे अध्यक्ष ब्रिगेडियर जनरल गॅटेकर यांचा 1897 चा अहवाल डिजिटल रूपात मिळतो. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ब्रिटिश भारताच्या वैद्यकीय इतिहासाचा स्वतंत्र संग्रहच महाजालावर ठेवला आहे, त्यातही प्लेगचे अहवाल आहेत. सगळे वाचायचे नाही. निवडक अर्धे पान पुरे.

या चार साधनांत एक फार मोठी उणीव आहे आणि तीच या धड्याचा गाभा आहे. कायदा सरकारचा, छायाचित्रे लष्करी अधिकाऱ्याची, आकडे सरकारी, अहवालही सरकारचाच. छावणीत नेलेल्या बाईचे म्हणणे कुठे आहे? जिची चूल सैनिकांनी उसकटली तिचे? 10 मार्च 1897 रोजी सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करता करता त्याच आजाराने गेल्या, ही हकिकत मुलांना ठाऊक असते. त्या ज्यांची सेवा करत होत्या ती माणसे मात्र वर्गापुढच्या या चारही साधनांत जवळजवळ मुकी आहेत. मुलांनी हे स्वतः शोधून काढले, तर इतिहासलेखनाच्या धड्यात वंचितांचा इतिहास आणि स्त्रियांचा इतिहास ही प्रकरणे का आली, हे त्यांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

नववीचे पुस्तक स्वातंत्र्यानंतरच्या, विशेषतः 1960 नंतरच्या भारताचा इतिहास सांगते. त्या वर्गासाठी गोव्याच्या मुक्तीचे साधन हाताशी आहे. 18 डिसेंबर 1961 रोजी, भारतीय सैन्य गोव्यात शिरले त्याच दिवशी, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेची बैठक बसली. त्या बैठकीचा वृत्तांत संयुक्त राष्ट्रांच्या डिजिटल ग्रंथालयात आहे. गोवा हा पोर्तुगालचाच सागरापारचा प्रांत आहे, अशी पोर्तुगालची भूमिका. भारताचे प्रतिनिधी सी. एस. झा यांचे म्हणणे असे की हा साम्राज्यवादाच्या शेवटाचा प्रश्न आहे. अमेरिकेच्या अॅडलाय स्टीव्हन्सन यांनी बळाच्या वापरावर कडक टीका केली. युद्धबंदी करून भारताने सैन्य मागे घ्यावे, या ठरावाच्या बाजूने 7 आणि विरोधात 4 मते पडली. विरोधकांत सोव्हिएत संघ होता, त्याच्या नकाराधिकाराने ठराव फेटाळला गेला. बाकीची तीन मते सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक यांची. अकरा देशांची नावे फळ्यावर लिहावीत, कोण कुठे उभा राहिला ते मांडावे आणि नकाशा उघडावा. नाटोचे सगळे सदस्य ठरावाच्या बाजूने उभे आहेत, हे मुलांच्या नजरेत आपोआप भरते. पणजीच्या शाळेत हा तास घेतला तर घरातल्या मोठ्यांच्या आठवणीही त्याला येऊन मिळतील.

संविधान सभेच्या चर्चांचेही तसेच आहे. बंगळुरूच्या सेंटर फॉर लॉ अँड पॉलिसी रिसर्च या संस्थेने त्या साऱ्या चर्चा दिनांक, वक्ता आणि विषय यांनुसार शोधता येतील अशा ठेवल्या आहेत. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात संविधान एकमताने, शांतपणे तयार झाल्यासारखे वाटते. 4 नोव्हेंबर 1948 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मसुदा मांडताना खेड्यांच्या गौरवीकरणावर जी कठोर टीका केली ती आणि त्यानंतरच्या दिवसांत ह. वि. कामथांसारख्या सदस्यांनी घेतलेले आक्षेप शेजारी शेजारी वाचले, की संविधान भांडून, पटवून, माघार घेऊन घडले हे कळते. खेड्यातल्याच शाळेत तो वाद वाचला जातो तेव्हा वर्ग कसा तापतो, हे पाहण्यासारखे असते.

मूळ साधने शाळेत नेण्याचा विचार महाजालाइतकाच जुना आहे. अमेरिकेत 1993 मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठात एडवर्ड एअर्स यांनी 'व्हॅली ऑफ द शॅडो' हा प्रकल्प सुरू केला. यादवी युद्धाच्या काळातले दोन परगणे, एक उत्तरेकडचा, एक दक्षिणेकडचा. दोन्हींकडची पत्रे, रोजनिशा, वर्तमानपत्रे आणि जनगणनेच्या याद्या त्यांनी समोरासमोर ठेवल्या आणि निष्कर्ष वाचणाऱ्यावर सोडला. पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठात सॅम वाइनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'इतिहासकारासारखे वाचा' या सूत्रावर शाळांसाठी पाठ तयार केले. एक प्रश्न, दोन-तीन छोटी साधने, आणि कागद हाती आल्यावर आधी 'हा कुणी, केव्हा, कशासाठी लिहिला' हे पाहण्याची सवय. मराठी वाचकाला यात नवे काही नाही. वि. का. राजवाड्यांनी 1898 पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध करायला सुरुवात केली, त्याचे बावीस खंड निघाले. बखरीपेक्षा समकालीन पत्राला मान का द्यायचा, यासाठी ते आयुष्यभर झगडले. 1910 मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले तेही याच ध्यासातून. ही परंपरा संशोधकांपाशी राहिली, शाळेच्या दारात आली नाही, एवढेच.

वाइनबर्ग यांच्या गटाचे आणखी एक काम इथल्या शिक्षकांनी मुद्दाम वाचावे असे आहे. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत अमेरिकेतल्या 3,446 माध्यमिक विद्यार्थ्यांना एक धूसर चित्रफीत दाखवली गेली. अमेरिकेत निवडणुकीत गैरप्रकार झाल्याचा हा भक्कम पुरावा आहे, असे 52 टक्के मुलांना वाटले. चित्रफीत रशियातली होती. महाजालावर काही मिनिटे शोध घेतला असता तर ते कळले असते, पण मूळ ठिकाणापर्यंत पोचणारी मुले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. त्याआधीच्या एका अभ्यासात त्यांनी दहा इतिहासकार, दहा व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि स्टॅनफर्डचे पंचवीस विद्यार्थी यांना अनोळखी संकेतस्थळे तपासायला दिली. तथ्यतपासनीस सरस ठरले, पीएच.डी. झालेले इतिहासकारही त्यांच्या मागे पडले. कारण साधे होते. इतिहासकार त्याच पानावर रेंगाळून बारकाईने वाचत राहिले. तथ्यतपासनीस मात्र पान जवळजवळ न वाचताच बाजूला टाकत, नव्या खिडक्या उघडत आणि या संस्थेबद्दल इतर काय म्हणतात ते पाहत. जुन्या कागदाला लागणारी चिकाटी आणि नव्या पडद्याला लागणारी चपळाई ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. शाळेत दोन्ही शिकवावी लागतील.

हे शिकवायला लांब जायला नको. लॉर्ड मेकॉलेच्या नावाने एक उतारा वर्षानुवर्षे फिरतो आहे. 2 फेब्रुवारी 1835 रोजी ब्रिटिश संसदेत बोलताना तो म्हणे म्हणाला की भारतभर फिरूनही आपल्याला ना भिकारी दिसला ना चोर, आणि या देशाचा कणा मोडायचा तर त्याची शिक्षणपद्धती बदलली पाहिजे. कितीतरी व्याख्यानांत आणि स्नेहसंमेलनांत तो वाचला जातो. नववीच्या वर्गाला हा उतारा द्यावा आणि एवढेच सांगावे की त्या दिवशी मेकॉले कुठे होता ते शोधा. जून 1834 मध्ये तो भारतात आला होता आणि त्या तारखेला गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलचा सदस्य म्हणून कलकत्त्यात होता. लंडनच्या संसदेत बोलणे शक्यच नव्हते. मात्र तारीख हवेतून आलेली नाही. त्याच दिवशी त्याने शिक्षणविषयक प्रसिद्ध टिपण लिहिले आणि ते पूर्ण रूपात महाजालावर वाचता येते. मुलांनी तेही वाचावे. संस्कृत आणि अरबी आपल्याला येत नाही हे कबूल करून त्याच भाषांतल्या वाङ्मयाला क्षुद्र ठरवणारा, राज्यकर्ते आणि रयत यांच्यामधला इंग्रजी शिकलेला वर्ग हवा म्हणणारा खरा मेकॉले त्यात भेटतो. त्याच्यावर टीका करायला खोट्या उताऱ्याची गरजच नाही, हे मुलांना स्वतः उमगले तर वर्षभराच्या उपदेशाचे काम एका तासात होते. असा उतारा घरातल्याच कुणीतरी पाठवलेला असतो, म्हणून मुलांना हेही शिकवावे की दुरुस्ती सांगताना मोठ्यांचा मान राखावा.

चित्रांच्या बाबतीत तर सावधपणा आणखी लागतो. इब्राहिम खान नावाच्या माणसाचे चित्र शिवाजी महाराजांचे म्हणून किती काळ छापले जात होते, आणि वा. सी. बेंद्रे यांनी समकालीन चित्र शोधून 1933 मध्ये ते लोकांपुढे आणले, ही कथा मराठी घरांना परिचित आहे. एका चित्रामागे केवढी पारख आणि केवढा पत्रव्यवहार होता! आज सतराव्या शतकातले महाराजांचे चित्र ब्रिटिश म्युझियमच्या संकेतस्थळावर नोंदीसह पाहता येते. त्याच फोनवर यंत्राने क्षणात रंगवलेली महाराजांची शेकडो चित्रेही येतात, दाढीचा केस न् केस दिसणारी, आणि कुठल्याही नोंदीशिवाय. 2022 च्या अखेरीस चॅटजीपीटी आले, तेव्हापासून प्रश्नाचे उत्तरही तसेच गुळगुळीत मिळू लागले आहे. पत्राचा दिनांक, खंडाचा क्रमांक, पृष्ठसंख्या सगळे असते आणि कधीकधी असले पत्र मुळात नसतेच. यंत्राला बंदी घालून भागणार नाही. उत्तरातला एक संदर्भ घ्यावा आणि तो प्रत्यक्ष खंडात आहे का हे मुलांनी ताडून पाहावे. राजवाड्यांचे खंड महाजालावर आहेत, त्यामुळे ही तपासणी वर्गातच करता येते.

डिजिटल साठ्यांच्या मर्यादा लपवून ठेवण्यात अर्थ नाही. जे आज सहज सापडते ते बहुतांशी इंग्रजी आहे. भारताच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे 'अभिलेख पटल' हे संकेतस्थळ मोलाचे, पण त्यातली शोधयंत्रणा इंग्रजी फायलींवर जशी चालते तशी इतर भाषांवर चालत नाही. छापील मराठीतही जुना टाइप, जोडाक्षरे आणि फिकट शाई यांमुळे शोधलेला शब्द निसटतो. मोडी तर वेगळीच. पेशवे दफ्तरातले कोट्यवधी कागद रुमालांत बांधलेले आहेत आणि ते वाचणारी माणसे विरळ होत चालली आहेत. त्यामुळे पडद्यावर जे आहे तेवढाच इतिहास, असा समज मुलांच्या मनात घट्ट बसण्याची भीती खरी आहे. परसत्तेने लिहून ठेवलेले आधी सापडते, आपल्या पणजोबांनी लिहिलेले सापडतच नाही. मोडीचे एखादे पत्र आणि त्याचे देवनागरी लिप्यंतर वर्गाला शेजारी शेजारी दाखवावे. दोन-तीन मुलांना तरी ती लिपी शिकावीशी वाटते.

शिवाय साठे कायमचे नसतात. ऑक्टोबर 2023 मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि तिच्या ऑनलाइन सेवा कित्येक महिने विस्कळीत राहिल्या. एवढ्या बलाढ्य संस्थेची ही गत, तर दुव्यावर विसंबून तास आखणाऱ्या शिक्षकाने काय करावे? साधन सापडले त्या दिवशीच उतरवून घ्यावे, त्याची छापील प्रत काढावी आणि कुठून घेतले ते खाली लिहून ठेवावे. वीज गेली, नेट गेले, प्रोजेक्टरचा दिवा उडाला तरी तास थांबत नाही. खरे तर पडद्यापेक्षा छापील प्रत बरी. चार जणांत एक कागद दिला की मुले त्यावर ओणवी होतात, पेन्सिलने खुणा करतात, वाद घालतात. साधन डिजिटल साठ्यातून आले म्हणून धडाही पडद्यावरच झाला पाहिजे, असे कुठे आहे?

फोन मुलांच्या हातात आहेच. 2024 च्या 'असर' पाहणीत ग्रामीण भारतातल्या 14 ते 16 वयोगटातल्या सुमारे 82 टक्के मुलांना स्मार्टफोन चालवता येतो, असे दिसले. आदल्या आठवड्यात समाजमाध्यमांसाठी तो वापरल्याचे 76 टक्क्यांनी सांगितले, अभ्यासासाठी वापरल्याचे 57 टक्क्यांनी. फोन घरात असणे आणि मुलीच्या हाती येणे यांतले अंतरही शिक्षकांना ठाऊक असते. म्हणून गृहपाठ फोनवर सोडू नये, साधन शाळेनेच द्यावे.

वेळेचा प्रश्न सर्वांत खडतर. इतिहास व राज्यशास्त्राची 40 गुणांची प्रश्नपत्रिका, आठवड्याच्या मोजक्या तासिका, त्यात शिक्षकाकडे कधी निवडणुकीचे काम, कधी सर्वेक्षण. वर्षभर रोज मूळ साधने वापरा असे कुणी सांगितले तर ते ऐकण्यासारखे नाही. सत्रात दोन किंवा तीन धडे असे घेतले तरी पुष्कळ. आणि परीक्षेत त्याला जागाच नाही, असेही नाही. दहावीच्या प्रश्नपत्रिकेत उतारा वाचून उत्तरे लिहायचा प्रश्न असतो. आज तो उतारा पाठ्यपुस्तकातलाच असल्यासारखा सोडवला जातो. चाचणीत तिथे एखादे पत्र, जाहिरात किंवा कायद्याचे कलम द्यायला कुणाची आडकाठी आहे? 'लिहिणाऱ्याचा हेतू काय असावा?' हा एक प्रश्न त्याखाली जोडला की मुलांची तयारी त्या दिशेने वळते.

प्लेगच्या धड्यात जे आवाज सापडले नाहीत, ते शोधण्याचाही मार्ग आहे आणि तो मराठीतून जातो. हेमा राईरकर आणि गी पॉयट्व्हँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. पी. साईनाथ यांनी 2014 मध्ये सुरू केलेल्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात त्या आता ऐकता येतात, पाहता येतात, गाणाऱ्या बाईच्या नावागावासह. सासर, माहेर, दुष्काळ, बाबासाहेब, मुलीचे शिक्षण, सगळे त्यांत आहे. ओवी हे इतिहासाचे साधन आहे का, किती विश्वासाचे, कशासाठी विश्वासाचे, हा प्रश्न दहावीच्या मौखिक साधनांच्या भागाला थेट भिडतो. वर्गात एखादी तरी मुलगी निघते जिच्या आजीला यातल्या ओव्या येतात.

मग मुलांनी साधने नुसती वापरायची का, तयार का करायची नाहीत? फाळणी भोगलेल्यांच्या दहा हजारांहून अधिक मुलाखती 'द 1947 पार्टिशन आर्काइव्ह'ने 2010 पासून जमवल्या, आणि त्यासाठी सामान्य स्वयंसेवकांना शिकवून तयार केले. महाराष्ट्राच्या खेड्यांत 1972 चा दुष्काळ आठवणारी माणसे अजून आहेत. खडी फोडायला गेलेल्या बायका, सुकडी खाल्लेली मुले, ज्यांच्या हातून पाझर तलाव झाले ते मजूर. रोजगार हमी योजनेचा सरकारी इतिहास कागदावर आहे, त्यांचा नाही. हे काम नववीतल्या मुलांना जमते, फोनमधला ध्वनिमुद्रक त्याला पुरतो. आधी प्रश्न लिहून शिक्षकाला दाखवायचे. बोलणाऱ्याला मुलाखत कशासाठी आहे ते सांगून परवानगी घ्यायची, आणि एखादी गोष्ट गाळायला सांगितली तर ती गाळायची. उत्तर येईपर्यंत थांबायचे, मध्ये तोंड घालायचे नाही. फाइलच्या नावात गाव, दिनांक आणि मुलाखत घेणाऱ्याचा वर्ग असावा. सोबतच्या वहीत बोलणाऱ्याचे वय, तेव्हाचा व्यवसाय आणि दुष्काळात तो नेमका कुठे होता, एवढे तरी नोंदवावे. एक प्रत शाळेच्या संगणकावर, एक बाहेरच्या हार्डडिस्कवर, आणि एक ज्याने आठवणी सांगितल्या त्याच्या घरी.